कोर्टाच्या खिडकीबाहेर

ओल्या चुन्याचा वास आला, की मला बेळगावातलं जुनं कोर्ट आठवतं. सत्तरच्या दशकात त्याच्या काळवंडलेल्या दगडी भिंती दुरुस्त करायचं काम निघालं होतं. मी खाली चुना कालवत होते. आक्का परांचीवर उभी राहून खिडकीशेजारचे दगड घासत होती. त्याच खिडकीच्या आत तिच्या नवऱ्याच्या, दाजींच्या, मारामारीच्या खटल्याचा निकाल लागत होता.

घासणाऱ्या ब्रशचा आवाज थांबला.

"काय झालं गं, आक्का?" मी खालून विचारलं.

"सोडलं त्येस्नी."

"मग उतर की."

"ह्यो दगूड ऱ्हायलाय."

काम सुटलं, बाया घरी गेल्या, तरी ती घासतच होती. दाजी कोठडीत होते तेवढे महिने तिच्या पाठीवर नवा वळ उठला नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं.