तुरटी पाजणारी

रंगशाळेत तिला सगळे तुरटीमावशी म्हणत. रंगाला ती कधी हात लावत नसे. तिचं काम त्याच्या आधीचं. लोकरीचं कापड तेलकटपणा जाईपर्यंत धुवायचं आणि मग गरम पाण्यात त्याला तुरटी पाजायची. तुरटी प्यायलेलं कापडच रंग धरतं. नाहीतर दोन धुण्यांत सगळा रंग मोरीत. तिची चूक लगेच दिसायची नाही, रंगाऱ्याच्या हातात डाग होऊन दिसायची. बावीस वर्षांत त्याने तिच्याकडे तीनदाच कापड परत पाठवलं होतं. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून ती सांगायची, "अजून चिमूटभर."

धाकटा दीर वारला, तेव्हा जावेला तिनेच कामाला आणलं. "माझ्या हाताखाली राहा. हात ओले राहतात एवढंच, बाकी काही त्रास नाही."

पुढच्या वर्षी मालकाकडे गडद रंगांची मागणी वाढली आणि मुकादम नारिंगी खड्यांचा डबा घेऊन आला. डब्यावरचा कागद खरवडून काढलेला होता.

"तुरटीऐवजी हे. रंग हलणार नाही. उजेड लागू द्यायचा नाही, झाकण ठेवून उकळायचं. आणि मावशी, हे चाखायचं नाही बरं का," म्हणत तो हसला.

रंग खरंच हलला नाही. मावशीची मनगटं आताशा दुखायची, म्हणून पातेल्यावर जाऊ उभी राहू लागली. झाकण काढलं की वाफ सरळ तिच्या तोंडावर यायची.

तीन महिन्यांत जावेच्या बोटांच्या सांध्यांवर भोकं पडली, टोच्याने पाडावीत तशी गोल. दुखत नव्हती, म्हणून ती दाखवतही नव्हती. नाकातून रक्त यायचं, ते उन्हावर ढकललं. एका सकाळी ती चुलीशी बसलेली असताना दूध करपून घरभर धूर झाला.

"अगं, वास नाही आला तुला?"

"नाही ताई. बरेच दिवस झाले, कशाचाच येत नाही."

त्याच दिवशी मावशीने तिला डॉक्टरकडे नेलं. नाकात उजेड धरून डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. "आतल्या पडद्याला भोक पडलंय. काम काय करता?"

मावशीने पदराच्या गाठीतली पुडी सोडली. खडे बघताच डॉक्टरांनी हात मागे घेतला. "हे आजपासून बंद."

"भोक बुजेल का?"

"आपोआप नाही बुजायचं."

मुकादमाने ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. मग मावशीने शेजारच्या मास्तरांकडून सरकारी कचेरीला अर्ज लिहून घेतला. महिन्याभराने तपासणीला साहेब आले. नारिंगी डबा कुठेच नव्हता, दारातच तुरटीची पोती रचलेली होती. साहेबांनी जावेला पुढे बोलावलं.

"हे हात कशाने झाले?"

ती जमिनीकडे बघत होती. "घरी भाजले. चुलीवर."

"खोटं बोलतेय ती," मावशी म्हणाली. "साहेब, तिच्या नाकात बघा."

"बाई, त्यांचं त्यांना सांगू द्या," साहेब म्हणाले, आणि जावेने सांगितलं तेच लिहून घेतलं.

आठवडा संपायच्या आत मावशीला घरी बसवलं. त्या संध्याकाळी जाऊ उंबऱ्यापाशी उभी राहिली, आत येईना.

"ताई, तुमच्यामागे भाऊजी आहेत. माझ्यामागे कोण आहे?"

मावशीला खूप बोलायचं होतं. आणलं कुणी, पातेल्यावर उभं केलं कुणी, हेच आधी आठवलं. ती म्हणाली, "आत ये. हात दाखव."

तेव्हापासून रोज जाऊ कामावरून आली की मावशी तिच्या बोटांना मलम लावते. जखमा भरायच्या आत नव्या होतात. परवा मलम लावताना तिने विचारलं, "माझ्या जागी कोण आलंय?"

"एक नवी बाई. पोटुशी आहे."

"हातात काही घालते का?"

"आम्हा दोघींत एक जोड दिलाय मोज्यांचा. सकाळी ती घालते, दुपारी मी."

मावशीने दुसरा हात पुढे करायला सांगितला.