इंग्रिडबाईंचे दुसरे कडवे

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. चार म्हातारी माणसे दर आठवड्याला एकाच टेबलाभोवती बसू लागली, की ते आपोआप साचत जातात. मग एके दिवशी लक्षात येते, की आपण ज्याला वेळ घालवणे म्हणत होतो, त्याचा बराच मोठा ऐवज झाला आहे.

आमचे टेबल विलायतेत, ईलिंगच्या एका वाचनालयात आहे. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता आम्ही तेथे एकमेकांना पुस्तके मोठ्याने वाचून दाखवतो. मी मेश्राम; आयुष्यभर बसच्या गॅरेजमध्ये फिटर होतो. शाळा आठवीत सुटली, पुढचे शिक्षण मी स्वतः वाचून घेतले. दुसरे माझे मित्र दळवी, निवृत्त पोस्टमन. तिसऱ्या नलिनीताई, निवृत्त नर्स. आणि चौथ्या इंग्रिडबाई, ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो. त्या असल्या, की आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत चाले.

०

पहिल्या गुरुवारी त्यांनी आपली ओळख तीन वाक्यांत करून दिली. "मी स्वीडनची. मुलाकडे राहायला आले आहे. पूर्वी गात असे."

दळवींना गप्प बसण्याची सवय नाही. "कुठे? बाथरूममध्ये?"

"सुरुवात तिथेच झाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढे श्रोते मावेनात, म्हणून बाहेर यावे लागले."

घरी येऊन मी बाईंचे नाव नातीला सांगितले. ती सॉलिसिटर आहे, जन्माने आणि शिक्षणाने इथलीच. तिने फोनवर शोधले आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. एका उघड्या मैदानात हजारो माणसे, मंचावर पांढऱ्या गाऊनमध्ये एक सडपातळ तरुणी.

"आजोबा, ही लेडी तर सुपर फेमस होता."

"होती," मी म्हणालो.

०

आमच्या टेबलाचे दोन नियम आहेत आणि दोन्ही मी केलेले आहेत. वाचणारा अडखळला, तर कोणी शब्द सुचवायचा नाही. तो चुकीचे वाचून पुढे गेला, तर मात्र 'चूक' असे स्पष्ट म्हणायचे.

पहिल्या नियमाचे कारण एकदा इंग्रिडबाईंनी विचारले. मी ते तोपर्यंत कोणालाही सांगितले नव्हते. गॅरेजमध्ये नवीन असताना एका ट्रेनिंगला मला मॅन्युअल मोठ्याने वाचायला लावले होते. एका शब्दापाशी मी क्षणभर थांबलो. शेजारच्या माणसाने तो शब्द माझ्या आधी म्हणून टाकला आणि सगळा वर्ग हसला.

"तो शब्द मला येत होता," मी म्हणालो.

 दुसरा नियम मात्र त्यांना फारच आवडला. 'चूक' हा एकच मराठी शब्द त्या शिकल्या आणि तो दळवींवर सढळ हाताने वापरू लागल्या.

०

नलिनीताईंनी त्यांना एकदा घरी जेवायला बोलावले. दारात बाईंनी न सांगता बूट काढून ठेवले. त्यांच्याकडेही हीच पद्धत आहे. नलिनीताई एवढ्यावरच जिंकल्या गेल्या.

पुढच्या गुरुवारी इंग्रिडबाई म्हणाल्या, "मागच्या वेळेबद्दल आभार." नलिनीताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मेश्रामभाऊ, बाईंना पुन्हा यायचं दिसतंय." त्यांनी पुन्हा बोलावले. पुढच्या गुरुवारी पुन्हा आभार, पुन्हा आमंत्रण. असे पाच आठवडे चालले. आमटी, भरली वांगी, पुरणपोळी, सगळे होऊन गेले.

सहाव्या गुरुवारी इंग्रिडबाईंनी मला गाठले. "मिस्टर मेश्राम, तुमच्यात दर आठवड्याला जाण्याचा नियम आहे का? माझ्या पँटचे बटण लागेनासे झाले आहे."

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या देशात माणूस पुन्हा भेटला, की मागच्या भेटीबद्दल आभार मानायचे असतात. न मानणे असभ्य. आमच्याकडे घरच्या जेवणाचे आभार मानणे असभ्य. मी दोघींनाही तसे समजावून सांगितले. नलिनीताईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग या शनिवारी बोलवू की नको?"

०

वाचनालयाला येताना बाई बसमध्ये कधीही बसत नसत. कोणी उठून जागा दिली, तर म्हणत, "धन्यवाद, माझा कार्यक्रम आहे." परत जाताना मात्र पहिल्या रिकाम्या सीटवर बसून डोळे मिटत.

याचे मूळ त्यांच्या तरुणपणात होते. उन्हाळ्यात तिकडे गावोगावच्या उद्यानांत गाण्याचे आणि नाचाचे कार्यक्रम होत. एका संध्याकाळी दोन-दोन गावे. गाऊनची इस्त्री मोडू नये, म्हणून बाई बँडच्या बसमध्ये वरचा पट्टा धरून उभ्याने प्रवास करत. मंचावर जायचे असेल, तर बसायचे नाही, हे अंगात भिनले ते भिनलेच.

"पण आता तर तुम्ही पँट घालता," दळवी म्हणाले. "आणि कार्यक्रम कसला, आम्हाला दोन पानं वाचून दाखवायची."

"श्रोते तीन आहेत," बाई म्हणाल्या. "त्यातले एक मिस्टर मेश्राम आहेत."

०

टेलिव्हिजनवर त्यांचा स्वतःचा विनोदी कार्यक्रम होता. एकदा थेट प्रक्षेपणात त्या शेतकऱ्याच्या बायकोच्या वेषात, काखेत खरी कोंबडी धरून गात होत्या. गाणे उंच सुरावर गेले आणि कोंबडीने तिथेच अंडे घातले. बाईंनी ते वरच्यावर झेलले, ताल सोडला नाही आणि गाणे पूर्ण केले.

"मग तर देश तुम्हाला विसरणं शक्य नाही," नलिनीताई म्हणाल्या.

"तसे नाही. तिकडे गेले, की अजूनही लोक रस्त्यात थांबवून विचारतात, ती कोंबडी कशी आहे?"

०

गाण्याची फर्माईश मात्र त्या प्रत्येक वेळी हसून टाळत. एकदा नलिनीताईंनी सरळ कारण विचारले. बाईंनी चष्मा काढला.

त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे एका बेटावर येणाऱ्या होडीचे. कडवी चार. पहिल्यात होडी गवत घेऊन येते, दुसऱ्यात नवरी, तिसऱ्यात मीठ आणि चौथ्यात ती रिकामी परत जाते. हजारो वेळा गायलेले गाणे. पण सत्तरी उलटल्यावर एका थेट कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यापाशी त्या थांबल्या. पियानोवाल्याने शब्द सुचवला. बँडमास्तरानेही सुचवला. पहिल्या रांगेतून चार बायकांनी ओरडून सांगितला. त्या गलक्यात त्यांना एकही ऐकू आला नाही. बँड तेच तेच सूर वाजवत राहिला आणि त्या विंगेत निघून गेल्या. तेव्हापासून गाणे बंद.

"शब्द मला येत होता," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

मी पुस्तक उघडले आणि वाचायला सुरुवात केली. दुसरे काय करणार?

०

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला त्या गाण्याची जुनी रेकॉर्ड भेट दिली. माझ्याकडे ती वाजवायला यंत्र नाही. पण वेष्टनाच्या मागे चारही कडवी छापलेली होती, म्हणून मी रेकॉर्ड वाचली. वाचनालयातून स्वीडिश शब्दकोश आणला आणि हिवाळाभर एकेक ओळ लावली. दळवींना मी ती सगळी क्रमाने म्हणूनही दाखवली. ते म्हणाले, "मेश्राम, या वयात माणसं गुडघ्यांचे व्यायाम करतात."

०

एप्रिलमध्ये बाईंना पत्र आले. त्यांच्या गावचे बंद पडलेले उद्यान जूनमध्ये पुन्हा उघडणार होते आणि गावकऱ्यांना त्यांच्याकडून होडीचे गाणे हवे होते. हे तिसरे पत्र होते. पहिल्या दोन पत्रांना त्यांनी नकार कळवला होता. महिनाअखेर उत्तर द्यायचे होते.

"इथे, या टेबलापाशी, गाणे शेवटपर्यंत म्हणता आले, तर होकार लिहीन," त्या म्हणाल्या. "नाही आले, तर पुन्हा हा विषय कोणी काढायचा नाही."

शेवटच्या गुरुवारी दुपारी त्या उभ्या राहिल्या. वाचनालयातली पाच-सहा माणसे आपापल्या खुर्च्यांतून वळून पाहू लागली. आवाज जुना झाला होता, पण गवताची होडी बेटाला लागली. दुसरे कडवे आले. पहिले दोन शब्द झाले आणि बाई थांबल्या.

कोणी काही बोलले नाही. नियमच होता. नलिनीताईंनी माझी बाही घट्ट धरली. दळवी टेबलाकडे पाहत राहिले. बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला, आणि त्या आता बसतील असे मला दिसले.

मी उभा राहिलो आणि मोठ्याने, स्वीडिशमध्ये, मिठाच्या होडीची ओळ म्हटली.

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले.

"चूक, मेश्राम," त्या म्हणाल्या.

आणि नवरी होडीत चढली. मग मीठ आले. ती ओळ त्यांनी माझ्याकडे पाहत, मुद्दाम सावकाश म्हटली. मग रिकामी होडी परत गेली. काउंटरवरच्या मुलीने हातातला स्टँप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

परतताना आम्ही चौघे एकाच बसमध्ये चढलो. दळवी माझ्या कानाशी आले. "मेश्राम, खरं सांग. तुला तर ते गाणं क्रमाने पाठ आहे."

मी नलिनीताईंना जागा द्यायला खिडकीकडे सरकलो.

"बसा ना, इंग्रिड," नलिनीताई म्हणाल्या. "सगळी बस रिकामी आहे."

बाईंनी वरचा पट्टा धरला आणि त्या उभ्याच राहिल्या.