लुसुंगुचे दोन्ही हात

माझ्या नातीला, लुसुंगुला, एक वाईट खोड मीच लावली. सोडवायलाही मलाच बसावं लागलं. आणि सुटली की नाही, हे कळायला साऱ्या जगासमोरची शर्यत व्हावी लागली.

खोड अशी. आमच्या सरोवरकाठच्या न्खाटा बे गावच्या होड्या एकाच ओंडक्यातून कोरलेल्या, अरुंद. पोहत येऊन होडीला धरायचं तर एका हातानं. दोन्ही हात एकदम काठावर टाकले की होडी कलंडते, मासे पाण्यात जातात आणि होडीतला माणूस तुमच्या डोक्यावर येतो. लुसुंगु पाच वर्षांची असताना तिनं एकदा दोन्ही हात टाकले, नि तिच्या आजोबांची सगळी मासळी परत सरोवरात गेली. मी वल्ह्यानं तिला एक ठेवून दिली. "एक हात, कार्टे! एक हात!" पोरगी हुशार, पुन्हा कधी विसरली नाही.

पोहायला मात्र तिला कुणी शिकवलं नाही. तिची आई म्झुझू शहरात शिवणकाम करते, पोर माझ्याकडे वाढली. आम्ही बायका भांडी सरोवरावरच घासतो. दक्षिणेचा म्वेरा वारा सुटला की पातेली आणि घमेली तरंगत निघतात, आपल्याला माहेरी बोलावल्यासारखी. लुसुंगु मागे जायची नि घमेलं पुढ्यात ढकलत आणायची. त्यासाठी हात दोन्ही एकदम पुढे, पाय बेडकासारखे. पुढेपुढे अख्ख्या काठाची भांडी तीच आणू लागली.

"न्याचिरवा," शेजारची न्यामांडा मला म्हणायची, "तुझी नात माझ्या पातेल्याला इतकं फिरवून आणते, की पातेल्याला आता घरात करमत नाही."

माध्यमिक शाळेत चिपेटा मास्तर नवे आले होते. एक दिवस बूट हातात घेऊन ते काठावर उभेच राहिले.

"आजी, हिला असं पोहायला कुणी शिकवलं?"

"पातेल्यांनी."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, या पोहण्याच्या शर्यती असतात, त्याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात, आणि ही मुलगी त्यात पुढे जाईल. मी विचारलं, पातेल्याशिवाय? तेव्हा कुठे हसले.

सुट्टी लागली की मास्तर तिला राजधानीला, लिलाँग्वेला न्यायचे. तिथल्या एका खाजगी शाळेत पोहण्याचा तलाव आहे. वर्षातून तीनदा जाणं व्हायचं, बाकी सारा सराव आमच्या सरोवरात. सतराव्या वर्षी शेजारच्या देशातल्या शर्यतीत ती तिसरी आली. आली आणि लगेच गेली. पंचांनी नाव खोडलं.

मास्तर घरी आले. आधी कसाव्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं न्सिमा आणि सुकी उसिपा मासळी पोटभर खाल्ली, मग खिशातून चिठ्ठी काढली. वाईट बातमी भरल्या पोटी सांगावी, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

"भिंतीला दोन्ही हात एकदम लागायला हवेत, आजी. हिनं वळतानाही एक लावला, शेवटीही एकच."

लुसुंगु चुलीकडे पाठ करून बसलेली. मी विचारलं, "नियम कुणी केला?"

"मोठ्या लोकांनी."

"ते कधी आमच्या होडीत बसले नसतील."

"भिंत कलंडत नाही, आजी."

त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मास्तरांनी सगळं संपवलं होतं, हेही एक कारण.

पण मास्तर आणखी एक गोष्ट सांगून गेले होते. जगाच्या स्पर्धेत आमच्यासारख्या लहान देशांनाही एक-दोन जागा देतात. लुसुंगुएवढी वेगवान देशात दुसरी कुणी नव्हती, म्हणून देशाच्या पोहण्याच्या संघटनेनं शंभर मीटरसाठी तिचंच नाव पाठवलं. सोबत बजावलं. या वेळी तिच्या नावापुढे वेळ लागली, तर पुढची दोन वर्षं तलावाचा खर्च आणि जागा तिची. पुन्हा बाद झाली, तर दुसरी मुलगी.

"माझं डोकं ऐकतं, आजी," लुसुंगु म्हणाली. "हातच ऐकत नाही. भिंत जवळ आली की उजवा आपला आपण पुढे जातो."

"का जाणार नाही? मी मारून पाठवलाय त्याला."

दुसऱ्या दिवशी आम्ही होडी खोल पाण्यात नेऊन दोन बाजूंनी दगडांना बांधली. मी आत बसले, पलीकडच्या काठावर सारा भार टाकून, वजनासाठी. लुसुंगु किनाऱ्यावरून निघायची, पोहत यायची नि दोन्ही हात एकदम होडीवर आपटायची. मी पलीकडे रेलायचे. तोल सांभाळला तर सांभाळला. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा पाण्यात गेले.

सगळा काठ जमायचा. न्यामांडा तर मासळी वाळवायची सोडून यायची. "न्याचिरवा, या वयात बाप्तिस्मा कितीदा घेणार? देवाला तुझा चेहरा पाठ झाला असेल!"

"तू ये की बसायला. तुझ्या वजनानं होडी हलायचीच नाही."

"मी आले तर ती बुडेल. मग तुझी नात हात कशाला लावेल?"

पण हात काही सुधरेना. दहांपैकी सहादा दोन, चारदा एक. सारखं बजावून मी थकले. शेवटी मला सुचलं ते आपलं साधंच. आमच्याकडे वडीलधाऱ्यांकडून काही घ्यायचं तर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी घेतात. एका हातानं घेतलं तर म्हातारी माणसं वस्तू परत खिशात घालतात. मी होडीतून ओरडले, "भिंतीला हात लावू नकोस. भिंतीकडून घे! म्हातारी आहे ती, एका हातानं देणार नाही!"

त्या दिवशी दहांपैकी नऊ झाले. म्वेराचा हंगाम सरेपर्यंत शंभरात एकही चुकेना. मी मात्र कमरेतून गेले. महिनाभर काठी घेऊन चालले, पण चालले.

स्पर्धेचं शहर लांब होतं. विमानं तीन, सोबत मास्तर. निघताना लुसुंगुनं मला विचारलं, "मी बाद झाले तर?"

"तर घरी ये. चूल इथेच आहे. पण बाद होऊ नकोस, माझ्यानं पुन्हा होडीत बसवणार नाही."

शर्यत आमच्याकडे सकाळी दिसणार होती. न्यामांडा मासळीबरोबर फोन चार्ज करून द्यायचंही दुकान चालवते. तिच्या मोठ्या फोनभोवती आम्ही पंधरा-वीसजणी. लुसुंगुची पहिलीच फेरी, म्हणजे वेगात मागे असलेल्या मुलींची. पंच पांढऱ्या कपड्यांत, चर्चमध्ये दान गोळा करणाऱ्यांसारखे गंभीर.

"ती बघ लुसुंगु, कडेला! टोपीत केस कसे बसवले असतील?"

"गप्प बस गं, न्यामांडा."

शिट्टी झाली. उडी पडली. वर आल्या तेव्हा ती पाचवी होती, सातजणींत. मग चित्र थांबलं. न्यामांडानं फोन हलवला, शिव्या दिल्या, दुकानाबाहेर उन्हात धरला. चित्र परत आलं तेव्हा वळण जवळ आलं होतं. मी लुसुंगुचे हात सोडून दुसरं काही बघितलं नाही. दोन्ही. एकदम.

"घेतलं!" मी ओरडले. कुणाला काही कळलं नाही.

परतीच्या वाटेवर ती मागे पडली. शेवटच्या दोघी ती आणि शेजारच्या रांगेतली एक लालटोपी, खांद्याला खांदा. भिंत आली. लालटोपी भिंतीला लागली. लुसुंगुचे हात पुढे गेले आणि वीतभर कमी पडले. मी बघितलं, तिचा उजवा खांदा उचलला. नुसता एक हात लांबवला असता तर त्याच क्षणी भिंत मिळाली असती. खांदा खाली गेला. तिनं आणखी एक छोटासा हात मारला आणि दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले.

"शेवटची," न्यामांडा हळूच म्हणाली.

पाटीवर नावं येऊ लागली. सहा नावांपुढे आकडे लागले. लुसुंगुच्या नावापुढे काहीच नाही. एक पंच दुसऱ्याशी बोलायला वाकला. मी न्यामांडाचा दंड धरला होता, तिनं नंतर वळ दाखवले. मग आकडा लागला. एक मिनिट, तेवीस सेकंद आणि वर थोडं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटच्या मुलीसाठी नाचायचं कसं, हे कुणाला माहीत नव्हतं. न्यामांडानंच आधी आरोळी ठोकली, तीही अशी की बाजारातल्या कोंबड्या उडाल्या. मग सगळ्याच ओरडल्या.

तासाभरानं फोन आला. मी म्हटलं, "बाळा, वेळ लागली!"

"लागली, आजी. मास्तर रडतायत, मी त्यांना पाणी दिलं." मग तिचा आवाज बदलला. "पण ती लालटोपी माझ्या हातातली होती. परतताना माझे सत्तावीस हात मारून झाले नि भिंत वीतभर उरलीच. अठ्ठाविसावा अर्धाच बसला. सरोवरात हात मोजायची सवय नाही ना, होडी वाऱ्यानं सरकायची. मला पुरे सव्वीस हात मारून भिंतीवर यायचंय."

न्यामांडा मध्येच घुसली. "अगं, आज तरी आराम कर! जगासमोर पोहलीस!"

"नमस्ते आत्या. इथे परवापर्यंतच आहोत ना. आणि इथे भिंत हलत नाही."

"मग?"

"सरावाचा तलाव अजून तासभर उघडा आहे. ठेवते."

आणि तिनं फोन ठेवला.