बोल्टची न टेकणारी पाठ

भोसरीत "अफताब मुलाणी कुठं राहतो?" असं विचारलं, तर चार माणसं चार दिशांना हात करतील. तेच "नट-बोल्टमधला बोल्ट कुठं राहतो?" असं विचारा, शेअर रिक्षावाला बाकीची गिऱ्हाइकं खोळंबून ठेवून तुम्हाला दारात नेऊन सोडेल आणि वर चहा पिऊनच निघेल. उंची सहा फूट, वजन त्र्याण्णव किलो, आणि स्वभाव असा की भाजीवालीनं माप मारलं तरी हा तिचे आभार मानून येणार. आठवडाभर एमआयडीसीतल्या वर्कशॉपात लेथवर उभा. सुटीच्या दिवशी मात्र जत्रा, गणपती, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, अगदी रावेतच्या वीस-वीस मजली सोसायट्यांचे मेळावेसुद्धा. जिथं म्हणून चार खांब रोवायला जागा होती, तिथं गेली पंधरा वर्षं बोल्ट लढून आलेला आहे.

अर्थात नटाशिवाय बोल्ट कसला? नट म्हणजे सोपान. तो भोसरीचा मूळचा. वडलांच्या शेतात कारखाने आले, उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी खोल्या झाल्या, खोल्यांचं भाडं येऊ लागलं आणि सोपानला हसण्याखेरीज दुसरं काम उरलं नाही. उंचीनं अफताबच्या छातीएवढा, आकारानं गोल. दोघं यशवंतराव वस्तादांच्या तालमीत एकाच मातीत वाढले.

वस्तादांनी पोरांना पुष्कळ काही शिकवलं, पण त्यातली एक गोष्ट अशी ठोकून बसवली की ती डोक्यात न थांबता थेट अंगात उतरली. पाठ टेकवायची नाही. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली. म्हणून कुणी खाली दाबलंच, तर मान आणि टाचा जमिनीत रोवायच्या आणि मधलं सगळं अंग कमानीसारखं वर उचलायचं. सोपाननं हे ऐकलं आणि सोडून दिलं. अफताबची कमान मात्र इतकी पक्की झाली, की झोपेत कुणाचा हात छातीवर पडला तरी ती उठायची. लग्नानंतर त्याच्या बायकोला, गौहरला, या प्रकाराची सवय व्हायला वर्ष लागलं.

ही जोडी तयार झाली तीही गंमतच. अण्णासाहेब नावाचे एक गृहस्थ आधी ऑर्केस्ट्रा चालवायचे. टीव्हीवरच्या परदेशी कुस्त्या बघून त्यांच्या मनात आलं, हे इथं का नाही? खांब भोसरीत वेल्डिंग करून घेतले, गादीसाठी चाकणच्या एका कारखान्यातला गाड्यांच्या सीटचा रद्द झालेला फोम उचलला, दोऱ्यांच्या जागी जुन्या रबरी पाइपांना रंगीत टेप गुंडाळली. झाली रिंग तयार. लढायचं दोघा-दोघांनी. एक आत, त्याचा जोडीदार दोरीबाहेर, आणि हाताला हात लागल्याखेरीज बाहेरच्यानं आत यायचं नाही. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. पहिला खेळ चाकणच्या एका कंपनीच्या स्नेहसंमेलनात होता आणि बाहेरगावाहून येणारे दोन पैलवान चाकणच्या चौकातल्या वाहतुकीत जे अडकले ते अडकलेच. अण्णासाहेबांना घाम फुटला. समोर दोन माणसं वाकून रिंगचे नट-बोल्ट आवळत होती. खांबांच्या कामासाठी वर्कशॉपकडून आलेला अफताब, आणि घरी बसून कंटाळा आला म्हणून त्याच्या मागून आलेला सोपान.

"तालमीतले दिसताय," अण्णासाहेब म्हणाले. "सातव्या मिनिटाला हरायचं. जमेल?"

"हरायचं? त्यात काय जमायचं राव, आमी रोजच हरतोय की!" सोपाननं परस्पर होकार देऊन टाकला.

सोपान ठरल्याप्रमाणे मार खात राहिला. इतका झकास मार खाल्ला की पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. मग गादीवरून सरपटत तो अफताबकडे हात पसरू लागला आणि मागून कामगारांनी आरोळी ठोकली, "हात दे! हात दे!" अफताब आत गेला. सातव्या मिनिटाला समोरच्यानं त्याला ठरल्याप्रमाणे आपटलं, वर चढला, पंचानं "एक, दोन" मोजलं आणि अफताबची कमान उठली. समोरचा पैलवान दोरीवरून थेट हिशेबनीस साहेबांच्या मांडीत. सगळा मांडव उभा राहिला. अफताब मात्र हात जोडून सगळ्यांची माफी मागत होता. तो काय करणार, त्याच्या हातात काही नव्हतंच.

अण्णासाहेब चिडले नाहीत, धंद्याचं डोकं होतं त्यांना. त्यांनी कायदाच केला. जोडी हरायची असेल त्या दिवशी खाली पडायचं ते सोपाननं, बोल्टची पाठ कधी टेकवायची नाही. सोपानची काही तक्रार नव्हती. तो पन्नास तऱ्हांनी हरला. एकदा तर शिंकून हरला. पोरं शाळेत मैदानावर "हात दे!" करून खेळू लागली, आळंदीकडच्या एका नवरदेवानं म्हणे लग्नात आंतरपाट निघायच्या आधी जोडीला शेजारी उभं करून नवरीला "हात दे!" म्हणायला लावलं. आणि वर्षामागून वर्षं बोल्टला कुणी चीत केलं नाही, हे लोक पाठच करून बसले.

मग अफताबचा गुडघा बोलू लागला आणि त्याची मुलगी उझ्मा वीस वर्षांची झाली.

उझ्मानं कुस्ती बापाकडूनच उचलली. बारा वर्षांची असताना घरातल्या सतरंजीवर त्यानं तिला आधी कमान घ्यायला शिकवली आणि मग मोडायलाही. सोपानची मुलगी पूनम तिची जोडीदार. दोघी चपळ, दोघी निर्भय, तरी वर्षभर खेळ करूनही लोक नुसते तोंडदेखल्या टाळ्या वाजवायचे. मागून कुजबुज ठरलेली, "बापांच्या वशिल्यानं आल्यात." उझ्मा ते ऐकायची आणि घरी येऊन दोनशे बैठका जास्त मारायची. अफताबला ते बघवत नसे.

अण्णासाहेबांनी तोड काढली. महिनाभरानं चाकणला रविवारी नट-बोल्टचा शेवटचा खेळ, आणि समोर पोरी. "उझ्मानं बोल्टला चीत करायचं. पाठ टेकवून. सोपानराव पडले तर कोण विश्वास ठेवील? ते दहा वर्षांच्या पोराकडूनही हरलेत."

"व्हय, पण ते पोरगं लई दांडगं हुतं," सोपान म्हणाला.

अफताब त्याच विचारात घरी आला. पोरीचं नाव व्हायचं तर त्याला हरायला हवं होतं, आणि हरणं ही एकच गोष्ट त्याच्या अंगाला येत नव्हती. त्यातून ढिलं पडून हरला, तर "बापानं पोरीला जिंकवलं" म्हणून लोक आयुष्यभर तिला चिडवणार. रात्री जेवताना उझ्मानंही नेमकं तेच काढलं.

"अब्बा, एक सांगते. ढिले पडू नका. लोकांना कळतं."

"नाही पडत," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसानं हरायचा सराव सुरू केला.

दुपारी सेकंड शिफ्टला जाण्यापूर्वी, उझ्मा कॉलेजात असताना, सतरंजी अंथरली जायची. अफताब उताणा. गौहर त्याच्या छातीवर बसून मोजणार. पहिल्या दिवशी "दोन"ला ती उडाली ती कपाटाला जाऊन धडकली. गौहर घरात एरवी दख्खनीत बोलायची, पण राग खरा असला की मराठी काढायची.

"माणूस आहे का जॅक? बायको बसलीय छातीवर, ट्रक नाही बसला!"

"मी काहीच केलं नाही गं. अंगच उठतं."

"मग अंगाला सांगा, पोरीचं लग्न नाही, नाव व्हायचंय. पडून राहा म्हणावं."

पाचव्या दिवसापासून सोपानला बोलावलं. हरण्यातला एवढा जाणता माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. तो सतरंजीशेजारी मांडी घालून बसला. "हे बघ भावा. हरणं म्हंजे काय? रविवारी मटण खाऊन पडणं. आपुन पडतो तवा कोन उठवतं का आपल्याला? न्हाई. डोळं मिट. मटण आठव."

अफताबनं मटण आठवलं. गौहर उडाली. मग पाढे म्हणून पाहिले, श्वास सोडून पाहिला, सोपाननं कानात अंगाई गायली, तिचा तर फारच वाईट परिणाम झाला. विसाव्या दिवशी, कसं कोण जाणे, गौहरनं "तीन" म्हटलं आणि ती अजून जागेवरच होती. तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग सोपान खोलीभर नाचला, गौहरनं शिरा केला, आणि अफताब आपण आयुष्यात पहिल्यांदा हरलो म्हणून शिफ्टभर लेथवर शीळ घालत होता. उरलेले दहा दिवस त्याची पाठ रोज टेकली.

रविवारी चाकणला मैदान फुललं. कंपन्यांच्या बसमधून कामगार बायकापोरांसह आले, कांद्याच्या बाजारातले हमाल हातगाड्यांवर उभे राहिले. उन्हं उतरत होती. नट-बोल्टनी रिंगणाला फेरी मारली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनीही शिट्ट्या वाजवल्या. सोपाननं सुरुवात केली, पूनमनं बापाला दोन वेळा गोल फिरवून सोडलं आणि पठ्ठ्या तिसरी फेरी स्वतःच्या हौसेनं फिरला. मग तो सरपटला, मैदान ओरडलं, "हात दे! हात दे!", हाताला हात लागला आणि अफताब आत आला. समोर उझ्मा. तिनं शड्डू ठोकला.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पण अण्णासाहेबांनी, जोडीचा मान म्हणून, कुणाला न सांगता एक हौस केली होती. पंधरा वर्षं या खेळाला स्पीकरवरची गाणी असायची. आज त्यांनी हलगीवाले आणले होते. उझ्मानं बापाला धोबीपछाड घातली आणि नेमकी त्याच वेळी हलगी कडाडली, गावच्या खऱ्याखुऱ्या मैदानात कुस्ती रंगात आल्यावर कडाडते तशी.

संपलंच. तीस दिवसांचा सराव त्या आवाजात वाहून गेला. अफताबला ना शेवटचा खेळ आठवला, ना गौहरचं मोजणं, ना मटण. पंच "एक, दोन" म्हणाला आणि मान रोवली गेली, टाचा रोवल्या गेल्या, कमान उठली. मैदानानं जल्लोष केला. गौहरनं पहिल्या रांगेत कपाळावर हात मारून घेतला. कोपऱ्यात सोपान दोरी धरून ओरडत होता, "अरं पड! पड की!"

पण एक गोष्ट निराळी घडली. छातीवरचं माणूस उडालं नाही.

उझ्मा कमानीबरोबर वर गेली आणि तिथंच चिकटून राहिली. तिनं त्याचा दंड काखेत घेतला, दुसऱ्या हातानं मान उचलून छातीकडे वळवली आणि पाय सरकवत सरकवत सगळा भार खांद्यावर आणला. अफताबनं दम धरला. वस्तादांच्या तालमीतला, लाल मातीतला, आजवर कुणापुढे कमी न पडलेला सगळा जोर त्यानं लावला. गुडघाही त्या दिवशी गप्प होता. एक खांदा टेकला. मग दुसरा. पंच मोजू लागला आणि त्याच्याबरोबर सगळं मैदान मोजू लागलं. "एक!" अफताबनं पुन्हा जोर केला. "दोन!" खांदे जागचे हलेनात.

"तीन!"

असा गलका उठला की हलगी ऐकू येईना. "उझ्मा! उझ्मा!" हमाल हातगाड्यांवर नाचत होते. वशिल्याचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. सोपान दोरीखालून घुसून अफताबपाशी आला, त्याच्या डोळ्यांत पाणी.

"काय हरलास राव! आधी कमान, मग हळूहळू... माझ्या बापाला जमलं नसतं असं. एवढ्या दिसांची मेहनत फळाला आली!"

अफताब उताणाच पडून होता, धापा टाकत. उझ्मा गुडघ्यावर बसून त्याच्यावर वाकली. तिच्या केसांना फोम चिकटला होता.

"अब्बा, लागलं का?"

"उझ्मा," तो हळू आवाजात म्हणाला, "ती कमान खोटी नव्हती. मी सगळा जोर लावला होता."

"माहितीय," ती म्हणाली. "म्हणूनच सोडलं नाही."

अफताब हसायला लागला. सहा फुटांचा माणूस पडल्या पडल्या असा हसला की गादी हलू लागली. तो उठला, कुणाला काही कळायच्या आत उझ्माला त्यानं खांद्यावर घेतलं आणि मैदानात फेरी काढली. सोपान मागून धावत होता, "अरं, जिंकल्याल्याला त्याच्या गड्यांनी उचलायचं आसतं, हरल्याल्यानं न्हाई! कुठं बघितलंय का आसं?"

"सरक बाजूला," अफताब ओरडला. "खरं पाडलंय मला माझ्या लेकीनं!"