शेळीचा डावा कान

आईने एकाच गोठ्यावर कधी भरवसा ठेवला नाही. मानवतजवळच्या आमच्या घरी दोन शेळ्या होत्या. तिसरी चुडाव्याला आत्याकडे, अर्धलीने : शेळी आईची, राखण आत्याची, पिल्लं निम्मी-निम्मी. एका गावात रोग आला तर दुसऱ्या गावातली वाचेल. अट एकच. शेळी मेली तर खुणेचा कान आणून दाखवायचा. आमची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन खाचा.

त्या वर्षी सततच्या पावसात सोयाबीन उभं सडलं. घरच्या शेळ्या आधीच गेल्या होत्या. हरभरा पेरायला बियाणं नव्हतं. चुडाव्याची शेळी विकायची ठरली आणि आईने आत्याला तसा फोन केला. चौथ्या दिवशी आत्या स्वतःच आली. शेळी मेली म्हणाली आणि पिशवीतून कान काढून दिला. खाचा आमच्याच होत्या.

आईने चहा केला. आत्या गेल्यावर कान उजेडात धरला. कापलेल्या कडेला रक्त सुकून केस चिकटले होते.

"मेल्या जनावराला इतकं रगत येत न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी न कळवता आम्ही दोघी चुडाव्याला उतरलो. शेळी गोठ्यात पाला खात होती. डाव्या कानाच्या जागी हळद लावलेली.

"अक्का, लवकर जिती झाली की हो!"

आत्या ओशाळली नाही. "गाभण हाय ती, वैनी. अन् तुमी आत्ता मातीमोल विकायलाव. थोडं थांबलं तर पिल्लं येतेत."

"निमी तुमाला बी येतेत."

"येतेत. मग?"

आईने शेळीचं पोट चाचपलं. तरी तिने गावातल्या व्यापाऱ्याला बोलावलं.

"कान कुठाय हिचा? चोरीची तर न्हाई ना, मावशी?" त्याने विचारलं.

पुरावा म्हणून आईने पिशवीतून कान काढला. तो दोन पावलं मागे सरला. "कान पिशवीत घालून कोन फिरतंय? नको मला."

आता ती कुठल्याच बाजारात खपणार नव्हती. हे आत्याने आधीच ताडलं होतं का, मला आजही सांगता येत नाही. ती आत गेली आणि बियाण्यासाठी राखेत घालून ठेवलेला हरभरा पोत्यात भरून घेऊन आली.

"हे पेरा. शेळी राहू द्या."

घरी आल्यावर आईने त्यातले वरचे दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. चौथ्या दिवशी उघडलं, तर दहाही उगवले होते. तिने पोत्याच्या तळाशी हात घातला आणि आणखी दहा काढले.