देवळाच्या भिंतीवरच्या रेघा

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमच्या गावची कृष्णेवरची नाव आपल्याकडं द्यावी, असा अर्ज खालच्या गावानं मामलेदारांकडं केला होता. नाव गेली असती तर आष्ट्याच्या बाजाराला जायला सारा दिवस मोडला असता. त्याला उलट अर्ज लिहायचं माझ्यावर आलं, कारण चौथीपर्यंत शिकलेला मीच. 'आमचा नदी ओलांडायचा उतार सगळ्यांत चांगला, इथं नाव पुरानं कधीच अडली नाही,' असं मी ठासून लिहिलं.

शाळेच्या मास्तरांनी वाचलं. म्हणाले, "हे तुझं मत झालं. पुरावा कुठाय?"

"आवं, सारं गाव सांगतंय की."

"गावाला नाव हवीय. ते सांगणारच."

आमच्याकडं दर वर्षी पूर जिथवर चढला तिथं गुरव देवळाच्या भिंतीवर गेरूनं रेघ ओढतो. मी बघायला गेलो. दोन रेघा भिंतीलगतच्या, नाव बांधायच्या खुंटाहून वर होत्या, म्हणजे त्या दोन्ही वर्षी खुंट बुडून नाव अडली होती. लिहावं तर नाव जाणार, लपवावं तर मामलेदार भिंत बघणार. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी 'कधीच' खोडलं अन् दोन्ही पूर लिहिले. 'सगळ्यांत चांगला' मात्र मास्तर सांगून थकले तरी खोडलं नाही.

मामलेदार अर्ज घेऊन थेट भिंतीपाशी गेले, एकेक रेघ बोटानं मोजू लागले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "खालच्या गावानं मात्र एकही पूर लिहिलेला नाही; नदी तर तीच."

नाव आमच्याकडंच राहिली.