चिखलदऱ्याची जडी

बाकी साऱ्या गोष्टीवर म्या मजाक केली. माया टकल्यावर केली, बायको माहेरी पळून गेली त्याच्यावर केली, मंग सोडचिठ्ठीवर सही कराले बसलो अन् पेन उलटा धरला त्याच्यावरबी केली. याच्यावर नाही केली. कोनाजवळ तोंडच उघडलं नाही. तुयाजवळ पह्यल्यांदा — पाहतो, जमते का.

धंदा तुले माहीत हाय. अकोल्याले, जुन्या शहरातल्या खोलीत चूर्ण कुटाचं, डब्यायत भराचं, अन् बाजाराच्या दिवशी चांदूर बाजारले जाऊन बोंबलाचं — "चिखलदऱ्याच्या जंगलातली जडी! पोट फुगलं, ढेकर अडकली, सासू डोक्यावर बसली — चिमूटभर जिभेवर! माही बहीण रोज खाते!" चिखलदऱ्याले मी जन्मात गेलो नाही. डबीत काय असे? काळं मीठ, साधं मीठ, खाण्याचा सोडा, नावाले ओवा. जंगल म्हनशील तं ओव्यातली एखांदी काडी.

सालं वाईट होते. कपाशी कोनाले हात देत नव्हती. बाजारात एखांदा रोजचा मानूस दिसला नाही, तं "कुठं गेला" म्हनून कोनी इचारत नव्हतं — उत्तराचंच भेव. तशा बाजारात लोकं मायाजवळ उभे राहत. वैद्य म्हनून? नाही गा. माकड म्हनून.

एकच जन मले वैद्य समजे. माही मोठी बहीण — आक्का. चांदूर बाजारलेच दिली होती, घरी भाजीची वाडी. माय लहानपनीच गेली. मले आक्कानं वाढवलं. शाळेतून पळालो तवा तिनंच झोडपलं, अन् तिनंच बापापासून लपवलं. अन् मंग म्हातारपनी साऱ्या गल्लीले सांगे, "माया भावाच्या हाताले गुन हाय." मले 'वैदराज' म्हने. दुनियेत कोनी माही एकबी गोष्ट खरी धरली नाही — तिनं ही धरली.

मंग तिले दम लागाले लागला. चप्पल पायात जाईना. दोन घास खाल्ले का पोट नगाऱ्यावानी. तिनं काय घेतलं असन? माहीच डबी.

अकोल्याच्या दवाखान्यात म्याच नेलं. डाक्टरीन बाई चांगली होती, बसून समजावलं. म्हने, हृदय थकलं, रक्त पुढं ढकलत नाही, मंग पानी मागं साचते. पायात साचलेलं दिसते, पन आतड्यातबी साचते. आतडं सुजते, म्हनून भूक मरते, पोट फुगते. "हा गॅस नाही आजी, हे हृदयाचंच दुखणं आहे. मीठ पाणी धरून ठेवतं. मीठ बंद, सोडा बंद." मंग मायाकडं पाहून इचारलं, पोटासाठी आणखी काही घेतात का?

मी काय म्हनलो, सांगू? "मॅडम, माये चुटके घेते. दुसरं काही पचत नाही तिले."

डाक्टरीन हसली. नर्स हसली. आक्काबी हसली — दम लागेपर्यंत.

बाहेर आल्यावर म्हने, "अबे बयताडा, चूर्णाचं काऊन नाही सांगतलं?"

"त्यात मीठ कुठं असते आक्का? जडी हाय."

"मंग खारट काऊन लागते?"

"जडीच तशी हाय."

"बरं," म्हने. बस. तेवढ्यावर तिनं ठेवलं.

लोनचं सोडलं, पापड सोडला, ठेचा सोडला. तिची सून रेखा अळणी वरन, अळणी भाजी रांधे, गोळ्या वेळेवर देई, पानी मोजून देई. आक्का कुरकुर न करता खाय. अन् तोंडाले चव नाही म्हनून घडीघडी डबी उघडे. संपली का मी होतोच — दर बाजारी नवी.

थांबवता आलं नसतं? एक वाक्य होतं — आक्का, हे नुसतं मीठ हाय. बाजारासमोर मी रोज गाढव व्हाचो. तिच्यासमोर होववलं नाही. बरं, बिनमिठाचं कुटून देता आलं असतं? तेबी केलं — एकदा. चाखलं अन् म्हने, "वैदराज, हात बिघडला तुया." दुसऱ्या बाजारी म्या पह्यल्यासारखंच आनलं.

हे ऐकलं ना तू? बरोबर ऐकलं.

पुन्हा दम वाढला अन् आक्काले भरती केलं, तवा डाक्टरीन चिडली. एवढं मीठ जातं कुठून? साऱ्यायनं रेखाकडं पाह्यलं. तिच्या नवऱ्यानं, माया भाच्यानं, तिले सगळ्या वार्डासमोर बोल लावले. ती पोराची शप्पत खाय, म्हने, मामाजी, तुमी तरी सांगा, तुमी जेवले माया हातचं. मी? मी खाली फरशीकडं पाहत होतो.

आक्का गेली. उशीखाली डबी होती. सारे रडत होते, मीबी रडत होतो — रडनं खरं होतं. अन् रडता रडता जो हात उशीखाली गेला अन् डबी खिशात घालून आला, तोबी मायाच होता.

धंदा सोडला म्हनून सांगू? नाही सोडला. फक्त "माही बहीण रोज खाते" एवढं गाळलं.

रेखाच्या घरी अजून जातो. सासूले मीठ चारून मारलं, असं गल्ली तिच्यामागं म्हनते, तिले ऐकू येते. तवापासून ती रांधताना मीठच घालत नाही. कोनाच्याच भाजीत नाही. ताट वाढते, बाजूले मिठाची वाटी ठेवते अन् म्हनते, "मामाजी, तुमचं तुमी घ्या."

मी घेतो.